चर्च असो वा विहार, उताऱ्यावर नाव कोणाचे?

जुलै 2025 मध्ये विधानसभेत धुळे-नंदुरबार भागातील अनधिकृत चर्चचा विषय निघाला. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी चौकशी करून अशी बांधकामे पाडण्याची घोषणा केली. आपल्या समाजात या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. 'तो ख्रिश्चनांचा प्रश्न' म्हणून आपण ती सोडून दिली. पण 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध 5.81 टक्के आणि ख्रिस्ती 0.96 टक्के आहेत. एक टक्काही नसलेल्या समाजाला प्रार्थनेसाठी चार भिंती उभ्या करताना काय सोसावे लागते, हे सहा टक्क्यांच्या समाजाने नीट पाहायला हवे. आज जो नियम त्यांच्या दारावर चिकटवला जाईल, तोच उद्या आपल्या विहाराच्या दारावर चिकटू शकतो.

यासाठी रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील बाणकोट येथे 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल यांनी काम सुरू केले. पुढे दापोली तालुक्यातील हर्णै हे केंद्र झाले. नंतर मिशनने आपला भर मुंबई-पुण्याकडे वळवला. पुढे 1870 च्या दशकात कोल्हापूरहून अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन रत्नागिरीत आले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा जन्मही याच जिल्ह्यातील करजगावचा. मिशनला इतकी वर्षे होऊनही इथली प्रोटेस्टंट मंडळी संख्येने लहानच राहिली.

अशा मंडळ्यांपुढे एक प्रश्न सुरुवातीपासून होता. चर्च कोणाचे, मिशनचे की मंडळीचे? अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 मध्ये भारतात आले, तेव्हा स्थानिक मंडळीने आपला पाळक स्वतः नेमावा आणि स्वतः पोसावा, हा त्यांचा आग्रह होता. टिळकांनी तर अखेरच्या काळात मिशनची नोकरी सोडली आणि 1917 मध्ये 'देवाचा दरबार' ही स्वतंत्र, देशी वळणाची चळवळ उभी केली. बाहेरून आलेल्या पैशावर उभा राहिलेला धर्म बाहेरच्याच मर्जीवर चालतो, हे त्या पिढीतील काहींना कळले होते.

पण मिशन गेले तरी जमिनीचा प्रश्न सुटला नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले आणि जुन्या मालमत्ता कोणाच्या, यावर ठिकठिकाणी दावे सुरू झाले. गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले, की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही. सोसायटी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त कायदा यांची पद्धत पाळावीच लागते. म्हणजे त्यांनी भक्तिभावाने केलेला ठराव कागदावर टिकला नाही.

आज एखाद्या लहान मंडळीला स्वतःचे चर्च बांधायचे असेल तर वाट कशी असते? आधी घरात किंवा भाड्याच्या जागेत उपासना. मग न्यास नोंदणी. दशांश, वर्गणी, हंगामाच्या सणाचे दान यातून जागा घ्यायची. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराची प्रक्रिया, मग नकाशा मंजुरी, मग शेजाऱ्यांच्या हरकती. बांधकाम जोत्यावर येते, पैसे संपतात, काम थांबते, पुन्हा सुरू होते. या सगळ्यात वर्षे जातात. त्यात 'धर्मांतर चालते' अशी एक तक्रार आली, की काम अडते. संविधानाचे कलम 26 प्रत्येक धार्मिक संप्रदायाला संस्था स्थापण्याचा आणि मालमत्ता बाळगण्याचा हक्क देते. पण कायद्याने दिलेला हक्क गावात मिळवताना कागद आणि शेजार दोन्ही सांभाळावे लागतात.

आता आपल्या बौद्धवाडीकडे वळू. कोकणात गावशाखा, मुंबई मंडळ आणि चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभे राहिलेले विहार आहेत, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण अनेक वाड्यांत आपण ज्याला विहार म्हणतो ते दलित वस्ती सुधार योजनेतून किंवा आमदार निधीतून बांधलेले समाजमंदिर असते. आत बुद्धमूर्ती आपली, वंदना आपली. पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव कोणाचे लागले आहे? ते पाहण्याची तसदी किती शाखा घेतात?

इथे एक विचित्र हिशेब आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. वस्ती विकासाच्या योजनेत त्यांची घरे मोजली जात नाहीत. हा अन्याय आहे आणि आपण तो अन्यायच म्हटला पाहिजे. पण याच अन्यायामुळे त्यांचे चर्च त्यांना स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या न्यासाच्या नावावर उभे करावे लागते. आपल्याला सरकारी निधी मिळाला, तो आपला हक्कच आहे. मात्र काही ठिकाणी मालकी ग्रामपंचायतीकडे राहिली.

याचा अर्थ चर्चमध्ये सारे आलबेल आहे असे नाही. धर्म बदलूनही तिथे जात टिकली, ही बाबासाहेबांची टीका आजही लागू पडते. पण त्यांच्या उणिवा मोजताना त्यांच्या हक्कावरचा घाला नजरेआड करून चालणार नाही.

रत्नागिरीतच 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभे राहिले, सर्व जातींना खुले. त्या काळी ते मोठे पाऊल होते. तरीही दुसऱ्याने बांधून दिलेले देऊळ आणि स्वतः बांधलेले विहार यांत फरक राहतोच. 1956 नंतर आपण दुसरा मार्ग धरला. बोधगयेचे महाविहार 1949 च्या कायद्याने बौद्धांच्या पूर्ण ताब्यात नाही, म्हणून देशभर आंदोलन चालू आहे. महाविहाराच्या मालकीसाठी लढणाऱ्या समाजाने वाडीतल्या विहाराचा उतारा तपासू नये, हे कसे चालेल?

सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सर्वच धर्मांना सांगितले आहे. नियम सर्वांना सारखा लावा, ही आपली मागणी असली पाहिजे. एकाच धर्माची यादी निघत असेल तर त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत बौद्ध असायला हवेत.

आणि पुढच्या मासिक सभेत प्रत्येक गावशाखेने तीन कागद टेबलावर ठेवावेत: जागेचा उतारा, न्यास नोंदणीचे प्रमाणपत्र आणि बांधकाम परवानगी. जो कागद नसेल, त्याच्या अर्जाची तारीख त्याच सभेत ठरवावी.

जय भीम, नमो बुद्धाय.