मी मूल्यमापक होतो

आमच्या घरातल्या दर्शनी भिंतीवर पूर्वी दोनच वस्तू होत्या. एक वडिलांचा फोटो आणि दुसरे आमच्या बँकेचे कॅलेंडर. कॅलेंडर फुकट मिळते आणि फोटो काढताना वडिलांनी फोटोग्राफरशी घासाघीस केली होती, त्यामुळे ही भिंत एकंदरीत स्वस्तात सजली होती. गेल्या महिन्यात तिच्यावर तिसरी वस्तू लागली. तिला अठरा हजार रुपये पडले. फ्रेमचे साडेतीनशे निराळे. 'कार्यक्रम मूल्यमापन' या विषयातले पदव्युत्तर प्रमाणपत्र! त्यावर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग चुकले आहे, पण शेजारच्या फोटोत वडील शांत आहेत.

"पगार किती वाढला?" हिने विचारले.

"पगाराचा संबंध नाही."

"मग?"

बँकेची परीक्षा पास झाली की इन्क्रिमेंट लागते, हे हिला पक्के ठाऊक आहे. प्रमाणपत्र आणि इन्क्रिमेंट यांचे तिच्या मनात लग्न लागलेले आहे. एकटे प्रमाणपत्र दारात उभे राहिले की ती संशयाने बघते. मी म्हणालो, "ज्ञानासाठी." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सहा महिने रविवारचं दळण मी आणलं. त्याचं मूल्यमापन कुणी करायचं?"

मी पुस्तके चाळून पाहिली. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

आता हे मूल्यमापन म्हणजे काय, ते सांगतो. इतरांना समजायला सहा महिने लागतात, पण उंब्रजच्या माणसाला पाच मिनिटे पुरेत. समर्थांनी आमच्या मुलखात अकरा मारुती स्थापन केले. गावे दहाच, कारण चाफळला दोन आहेत. त्यांतला एक मारुती आमच्या उंब्रजचा. त्या काळी एखाद्या कचेरीने अहवाल मागवला असता, तर तो असा गेला असता: उद्दिष्ट अकरा, साध्य अकरा, टक्केवारी शंभर. कारकुनाचे काम खलास. पण मूल्यमापक म्हणतो, थांबा. मारुती बसला, हे झाले काम. त्यामुळे पोरे तालमीत जायला लागली का, हा झाला परिणाम. आणि सर्वांत खवचट प्रश्न पुढेच आहे: मारुती बसला नसता, तरीही ती गेली असती का? या तिसऱ्या प्रश्नासाठी हे शास्त्र चिठ्ठ्या टाकते. बावीस गावे घ्यायची, चिठ्ठ्या टाकून अकरांत मारुती बसवायचा, अकरांत मुद्दाम बसवायचा नाही, आणि पाच वर्षांनी दोन्हीकडचे दंड-बैठका मोजायच्या. समर्थांनी असे केले नाही. त्यांना अनुदान नव्हते.

थट्टा सोडा, हे शास्त्र खोटे नाही. २०१९ साली या चिठ्ठ्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या तिघांपैकी अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मले आणि त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर, ही माहिती मी शाखेत इतक्या वेळा सांगितली की आमचे हेडकॅशियर मला 'या पाटणकर' म्हणू लागले. याच मंडळींनी २००१ नंतर मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत 'बालसखी'चा प्रयोग तपासला. वर्गात मागे पडलेल्या पोरांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज थोडा वेळ वाचायला आणि गणिते करायला शिकवी. काही वर्गांना बालसखी मिळाली, काहींना नाही. परीक्षा दोघांचीही घेतली. मिळाली तिथली पोरे पुढे गेली. मी असल्या मोजणीविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. माझी तक्रार आमच्यासारख्यांच्या मोजणीबद्दल आहे, आणि मोजणाऱ्यांत मी स्वतःही आहे.

आकडा कसा जन्माला येतो, हे निदान कारकुनाला कुणी शिकवू नये. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन खाती सुरू झाली. शिल्लक शून्य असली तरी चालेल, असे सांगून आम्ही ती उघडली. मग वरून विचारणा होऊ लागली, की इतकी खाती शून्यावर का? २०१६ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आले की ठिकठिकाणच्या शाखांत कर्मचाऱ्यांनीच खात्यांत एकेक रुपया टाकला होता. शून्य शिल्लकेची खाती भराभर कमी झाली. एका रुपयात एक भारतीय शून्यातून वर! आमच्या शाखेचे मी काही सांगत नाही. एवढेच म्हणतो, की त्या सुमारास आमच्याकडे सुट्ट्या पैशांची फार चणचण होती.

तर प्रमाणपत्रासाठी शेवटी एक प्रकल्प करावा लागतो. आपल्या भागातली एखादी योजना घ्यायची आणि तपासायची. मी आमच्याच शाखेने दिलेली शिलाई मशीनची कर्जे घेतली. मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटाची, पन्नास हजारांच्या आतली. तीस बायका निवडल्या. खातेवहीत तिसांचेही हप्ते वेळच्या वेळी आलेले. प्रश्नावली तयार केली: 'कर्जामुळे उत्पन्नात वाढ झाली का? अ) खूप, ब) थोडी, क) नाही.' आणि रविवारी जेवण झाल्यावर फोन लावायला बसलो.

बँकेतून फोन आल्यावर माणूस काय उत्तर देणार? "झाली, झाली सायेब. लई झाली." एकीने तर प्रश्न ऐकायच्या आधीच 'झाली' म्हणून टाकले. दोन रविवारांत एकोणतीस उत्तरे गोळा झाली. चौदा नंबरच्या बाईचा फोन तेवढा लागेना, म्हणून स्कूटर काढून तारळीकाठच्या तिच्या वाडीवर गेलो. जिचा फोन लागला नाही तिच्याकडून मला सगळे कळले, आणि ज्यांचा लागला त्यांच्याकडून काहीच कळले नाही, हे माझ्या सहा महिन्यांच्या संशोधनाचे सार आहे. ते प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही.

आक्का पन्नाशीच्या. अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मशीन सोप्यात, वर गोधडी टाकून ठेवलेले. गोधडीवर मांजर.

"आक्का, मशीन चालत नाही का?"

"चालतंय की. पर शिवायचं कुनाचं? आमच्या वाडीत घरं चौदा, आन् मशिनी नऊ. ज्या बाईला बोलावून इचारावं, 'पोलकं शिवायचं हाय का?', तिच्याबी घरात मशीन!"

मी वहीत बघितले. नवाच्या नवांची कर्जे आमच्याच शाखेची होती. आमचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल त्या वर्षी विभागीय कचेरीचे अभिनंदनाचे पत्र आले होते. मॅनेजरसाहेबांनी स्वखर्चाने पेढे आणले होते. मी दोन खाल्ले होते.

"मग आक्का, हप्ते कसे भरले?"

"सुरवातीला भांगलणीला जाऊन. मागनं गुडघं धरलं. मग बोरमाळ ठेवली."

"कुठं ठेवली?"

आक्कांनी माझ्याकडे असे बघितले, की मूल्यमापकाचे मूल्यमापन तेवढ्या नजरेत आटोपले. "आवं, तुमच्याकडंच की! तुमीच तर पावती लिवून दिलीसा."

खरेच होते. सोनेतारणाच्या रजिस्टरात अक्षर माझे. म्हणजे ही बाई आमच्या बँकेच्या हिशेबात दोनदा यशस्वी होती. शिलाई मशीनचे कर्ज नियमित फेडले म्हणून एकदा, आणि सोनेतारणाचे खाते नियमित चालवते म्हणून पुन्हा. बोरमाळ अजून आमच्या तिजोरीतच आहे. दर वर्षी आक्का येतात, व्याज भरतात आणि कर्ज नवे करून जातात. मीच ते करून देतो, आणि "या आक्का, बसा," असे म्हणतो. आमची सेवा चांगली आहे.

त्या रात्री मी चार पाने लिहिली. आयुष्यात प्रथमच मला वाटले, की अठरा हजार वाया गेले नाहीत. आठवड्याने मार्गदर्शकांचे उत्तर आले. शहरातला हुशार मुलगा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला 'सर' म्हणायचा. त्याने लिहिले होते: निरीक्षण क्रमांक चौदा अपवादात्मक आहे, वगळावे. भाषा भावनिक आहे, टाळावी. इतर एकोणतीस निरीक्षणांशी ते विसंगत आहे.

मी वगळले. फी भरून झाली होती, शेवटची तारीख जवळ आली होती, आणि हिला मी दिवाळीपर्यंत संपेल असे सांगून बसलो होतो. चौदा नंबर काढल्याबरोबर माझा अहवाल आरशासारखा स्वच्छ झाला. मला 'अ' श्रेणी मिळाली.

म्हणून आता मी भांडायला उभा आहे, आणि माझे म्हणणे अगदी साधे आहे. ज्या लोकांविषयी अहवाल लिहिला, त्यांच्यासमोर, त्यांच्या गावात, मराठीतून तो मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणालाही मूल्यमापनाचे प्रमाणपत्र देऊ नये. मला तर नाहीच नाही. वाडीच्या देवळात उभा राहून मी 'एकोणतीस जणींचे उत्पन्न वाढले' असे वाचले असते, तर तिसऱ्या ओळीला नऊ बायका उठल्या असत्या. एवढी कडक परीक्षा कुठल्याही विद्यापीठात होत नाही.

यावर आमच्या मॅनेजरसाहेबांचे म्हणणे, "अहो, गावाला त्यातलं काय कळणार?" काय कळणार! दूध डेअरीत फॅट एका पॉइंटाने कमी लागली, तर जी बाई दारातून हलत नाही, "पुन्ना लावा," म्हणते, तिला टक्केवारी कळत नाही? गाडी काट्यावर चढायच्या आधी जो शेतकरी उसाचे वजन अंदाजाने सांगतो, त्याला सरासरी समजवायला माझा व्हिडिओ कशाला हवा? कळत नाही म्हणून त्यांना वाचून दाखवत नाहीत, असे नव्हे. कळेल म्हणून दाखवत नाहीत. हेडकॅशियर जरा अनुभवी आहेत. ते म्हणाले, "वाचलंत तर भांडणं होतील." होऊ देत. नऊ मशिनींचे भांडण तिसऱ्या मशीनलाच झाले असते, तर सहा बायका कर्जातून सुटल्या असत्या.

आणि ही कल्पना काही माझी नव्हे. नियोजन आयोगाने योजना तपासायला स्वतंत्र संघटना १९५२ सालीच काढली होती. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, वि. स. पागे यांनी १९६५ साली रोजगाराच्या हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर गेली, आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तिला कायद्याचे बळ आले. त्या योजनेचे मूल्यमापन नियोजन आयोगाची ही संघटना आणि राज्य सरकार यांनी मिळून केले. अहवाल १९८० साली निघाला. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनीही कामावरच्या मजुरांना प्रश्न विचारून १९८० सालीच त्यावर इंग्रजीत लिहिले. विचारले मजुरांना, छापले इंग्रजीत. खडी फोडणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात ते पडले असेल, ते तुम्हीच ठरवा. पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा कुणातरी शहाण्या माणसाने त्यात सतरावे कलम घातले: कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचे. म्हणजे हजेरीपट गावासमोर वाचायचा, आणि मेलेला माणूस खडी फोडताना सापडला तर त्याच्या मुलाने उठून सांगायचे. मजुरीच्या बाबतीत जे संसदेला सुचले, ते कर्जाच्या, मशीनच्या, शेळ्यांच्या आणि प्रशिक्षणवर्गांच्या बाबतीत का सुचू नये? खात्याची माहिती गुप्त असते, हे मला मान्य. मला ते सांगू नका, माझी नोकरीच ती आहे. पण 'वाडीत घरे चौदा, मशिनी नऊ' यात कुणाचे गुपित फुटते? आमचेच ना?

परवा आक्का शाखेत आल्या. सोनेतारणाचे वर्ष भरले होते. मी नेहमीप्रमाणे "या, बसा," म्हणालो.

"सायेब, ते तुमचं लिवलेलं काय झालं?"

"पास झालो, आक्का."

"बरं झालं. आन् नऊ मशिनींचं लिवलंसा का त्यात?"

मी पावतीपुस्तक शोधू लागलो. ते समोरच होते.

"न्हाई, म्हनलं, लिवलं आसंल तर बरं," आक्का म्हणाल्या. "आमच्या शेजारची सून परवा तुमच्याकडं फारम भरून गेलीया. दहाव्या मशीनचा."

फॉर्म माझ्याच टेबलावर होता. पावतीपुस्तकाखाली.