नव्या प्रोसेसरने थांबावे
जुन्या संगणकात वेगवान प्रोसेसर बसविला की यंत्राचा कायाकल्प होतो, हा समज अर्धाच खरा आहे. १९८५ च्या अमिगा संगणकात सुमारे ७ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर होता. ध्वनी वा डिस्कचे निकडीचे काम निघाले की ‘पॉला’ नावाची चिप त्यास इंटरप्ट पाठवी. हातातले काम बाजूला ठेवून प्रोसेसर ती निकड भागवी, मागणीची खूण पुसी आणि मूळ कामाकडे परते. १९९२ च्या अमिगा ४००० मध्ये २५ मेगाहर्ट्झचा ६८०४० आला. खूण पुसण्याचा हुकूम तोही सोडी. पण हुकूम संथ चिपपर्यंत पोहोचून इंटरप्टची तार मोकळी होण्यापूर्वीच स्वारी परतलेली असे. तारेवर मागणी दिसतच असल्याने तेच काम पुन्हा होई. पावती टपालात असताना वसुलीची दुसरी नोटीस निघावी, तसा हा प्रकार! खूण दोनदा पुसावी, असा तोडगा प्रोग्रामरांनी काढला.

तोडगा रास्त आहे. परंतु ज्यांचे कर्ते केव्हाच अन्य उद्योगांत गेले, त्या जुन्या प्रोग्रामांत ही दुसरी ओळ कोण घालणार? आज हौशी मंडळी ६८००० च्या जागी रास्पबेरी पाय जोडतात. घाई ज्याची, भुर्दंडही त्याचाच, हा हिशेब येथेही लागू व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आकडेमोड त्याने हव्या त्या वेगाने करावी. मात्र पुसण्याचा हुकूम जुन्या चिपला पोहोचून तार खाली येईपर्यंत पुढची आज्ञा हाती घेऊ नये. त्यात वेग थोडा घटेल, तो घटू द्यावा.