हिशेबनीस शार्ङ्गदेव आणि बहिणीची पेटी

व्यापाऱ्याच्या घरी नव्या वर्षाचा आरंभ वहीपूजनाने होतो. जुन्या वहीचा ताळा मिळाल्यावाचून नव्या वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहिले जात नाही. थोरांच्या जयंत्या आणि संस्थांचे महोत्सव यांकडेही याच दृष्टीने पाहावे, असे मला वाटते. हार घातला, दीपप्रज्वलन झाले, भाषणे झाली. परंतु मागील बाकी कोणी पाहिली?

२०२६ हे वर्ष हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने असेच ताळेबंदाचे आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्यास सव्वाशे वर्षे होत आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी लखनौ येथे १९२६ साली संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्याची ही शताब्दी. या दोन तिथ्यांचा गौरव सर्वत्र होईल. मात्र जिची तिथीच कोणत्याही पंचांगात नाही, अशी तिसरी आठवण खास आपल्या मराठवाड्याची आहे. प्रथम तिच्याकडे वळू.

मुदखेडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की छत्रपती संभाजीनगर मागे पडल्यावर दौलताबादचा किल्ला दिसू लागतो. हीच यादवांची देवगिरी. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत स्थिरावले. शार्ङ्गदेवाचे पद होते श्रीकरणाधिपाचे, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाच्या दप्तराचे. दिवसा राज्याचा हिशेब पाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा आजही प्रमाण मानतात. पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाला त्यावर टीका लिहावीशी वाटली, यावरून त्याची कीर्ती किती दूरवर गेली होती हे ध्यानी येते.

ग्रंथात हिशेबनिसाचा हात पदोपदी जाणवतो. सा, रे, ग हे तीन स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन सहा प्रकारे मांडता येतात, चार स्वर चोवीस प्रकारे आणि सातही स्वर घेतले तर ५,०४० प्रकारे. शार्ङ्गदेव एवढ्यावर थांबत नाही. ‘खंडमेरू’ नावाचा एक कोठा आखून तो दोन प्रश्न सोडवतो. क्रमांक दिला असता त्या क्रमांकाची तान कोणती, हे ‘नष्ट’. आणि तान दिली असता तिचा क्रमांक कोणता, हे ‘उद्दिष्ट’. खतावणीचे पान माहीत असेल तर नोंद सापडावी आणि नोंद माहीत असेल तर पान सापडावे, अशी शिस्त ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना या रीतीचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. मध्ययुगातील जैन आचार्य पार्श्वदेव यांचा ‘संगीतसमयसार’ हाही याच शास्त्रपरंपरेतील मान्यवर ग्रंथ. तेव्हा गाणेबजावणे हा आपल्या कुळाचा विषय नव्हे, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही.

आता सव्वाशे वर्षांकडे येऊ. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर यांची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघातात अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली. संस्थानिकाचा आश्रय स्वीकारून निश्चिंत राहण्याचा मार्ग त्या काळी गवयांना परिचित होता. त्यांनी तो नाकारला आणि लोकांच्या देणग्यांवर व जलशांच्या उत्पन्नावर शाळा चालवली. फी, अभ्यासक्रम, छापील पुस्तके, परीक्षा हे सारे त्यांनी गाण्यात आणले. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. पुढे तेथील इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि वास्तूचा लिलाव झाला. व्यवहारी माणूस याला तोटा म्हणेल. परंतु १९३१ साली त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. त्या मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. इमारत गेली तरी विद्या राहिली, कारण ती विद्यार्थ्यांच्या खाती जमा होती.

भातखंडे पेशाने वकील होते. म्हणजे एक हिशेबनीस आणि एक वकील. या दोघांनीही संगीताची सेवा केली. आपल्या घरांत मात्र ‘धंदा की गाणे’ असा प्रश्न आजही विचारला जातो. तो मीही एकदा विचारला होता आणि ती बाकी आज येथे मांडतो.

आमच्या मोंढ्यातील दुकानाच्या जुन्या रोजमेळात वडिलांच्या अक्षरात एक नोंद दर महिन्याला येते : ‘गाणे मास्तर, रु. ५’. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या शिकवणीची. ती प्रवेशिका उत्तीर्ण झाली. पुढे वडील आजारी पडले, वही माझ्या हाती आली आणि पहिल्याच महिन्यात मी ती नोंद बंद केली. “आता तुझ्या लग्नाचं पाहायचं आहे, ताई,” एवढेच मी तिला म्हणालो. ती काहीच बोलली नाही. पेटी माळ्यावर गेली. पाच रुपयांनी दुकान बुडणार नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

मागील पर्युषणात ताई माहेरी आली. माझी नात सध्या नांदेडहून रेल्वेने येणाऱ्या एका शिक्षिकेकडे शिकते. नात रियाज करीत असता ताई दाराशी उभी राहिली आणि एका जागी स्वर उतरलेला पाहून हलकेच म्हणाली, “बाळा, धैवत थोडा वर घे.” पन्नास वर्षे तिने पेटीला हात लावला नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही.

सध्या या वर्गापुढे अडचण आहे. जागेचे भाडे वाढले, मुले अकरावरून सहांवर आली, आणि दिवाळीनंतर मुदखेडला येणे परवडणार नाही, असे शिक्षिकांनी विनयाने कळविले आहे. याउलट आपल्या गावातील समाजाचे सभागृह बहुतेक सायंकाळी कुलूपबंद असते.

माझी विनंती एवढीच आहे. सव्वाशे वर्षांच्या निमित्ताने आपण फलक किंवा मंडप उभारू नये. आठवड्यातील दोन सायंकाळी सभागृह वर्गास विनामूल्य द्यावे आणि शिक्षिकांच्या प्रवासखर्चाची तरतूद बारा कुटुंबांनी एकेका महिन्याने वाटून घ्यावी. पहिला महिना माझा. यंदाच्या वहीपूजनानंतर आमच्या रोजमेळात पहिल्या पानावर मी ती नोंद पुन्हा सुरू करणार आहे. मथळ्यात बहिणीचे नाव असेल. पेटी माळ्यावरून खाली काढली आहे. भाता फाटला आहे, तो दुरुस्त करून घेतो. उरलेल्या अकरा कुटुंबांनी आपला महिना पुढील अंकापूर्वी कळवावा.