मोफत रुग्णाची तक्रार

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो तो कसालला. येथील शेतमजुराने सरकारी रुग्णालयात उपचार घेतले आणि त्यांत हयगय झाली, तर त्याने दाद कोठे मागावी? याचे उत्तर तेथे पैसे आकारले जातात की नाही, यावर अवलंबून आहे!

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, हे योग्यच झाले. परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात तेथील रुग्ण 'ग्राहक' नव्हे, असेही त्याच निकालाने ठरवले. 2019 च्या कायद्यानेही मोफत सेवा वगळलेलीच ठेवली. पुढे 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क रद्द केले. मागणी जुनी आणि रास्त होती. मात्र शुल्क भरणारा रुग्णच उरला नाही, तेव्हा या निकषाने ग्राहक आयोगाचे दारही सर्वांना बंद झाले. कर हा सेवेचा मोबदला नव्हे, हे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तकही सांगते. पण म्हणून काडेपेटीवरही कर भरणाऱ्याने मुकाट राहावे, असे त्यातून निघत नाही.

उरते दिवाणी न्यायालय. 6 मे 1953 रोजी त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातच, पालशेतच्या किनाऱ्यावर, वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यास नेल्यावर पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवले गेले आणि तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर; तरी अंतिम निकाल लागला 1968 मध्ये, भरपाई रुपये 3,000. मजुराने या वाटेने जावे, असे कोण सुचवील?

खाजगी रुग्णालयांसाठी 2021 च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक केले आहे. सरकारी रुग्णासाठी याहून मोलाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. औषध बाहेरून का आणावयास लावले, हे जनसुनवाईत भरसभेत विचारता येऊ लागले आणि अधिकाऱ्यांना तेथेच उत्तर देणे भाग पडले. वकील नको, तारखा नकोत. रिक्त पदांचा आणि औषधटंचाईचा दोष एकट्या डॉक्टरच्या माथी मारणेही त्यामुळे अवघड होते, ही गोष्ट डॉक्टरांनीही ध्यानात घ्यावी.

सिंधुदुर्गातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत अशा जनसुनवाईचा ठराव मांडावा, रुग्ण कल्याण समितीचे इतिवृत्त मागावे आणि मोफत सेवेलाही तक्रारीचा कायदेशीर हक्क जोडण्याची मागणी आमदारांकडे लेखी नोंदवावी.