पिशवी काढली, पुढे काय?

"पिशवी काढल्यापासून सुटलीय", "बसून खाते", असे टोमणे गर्भाशय काढलेल्या बाईला घरोघरी ऐकावे लागतात. बीडच्या ऊसतोड कामगार बाईला तर बसून खाणे कधी ठाऊकच नाही.

2019 च्या शासकीय पाहणीत या जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दुखण्याने पडणारा खाडा, मुकादमाचा दंड, डोक्यावरची उचल आणि डॉक्टरने दाखवलेली कॅन्सरची भीती यांतून अनेकींवर तरुणपणीच ही वेळ आली.

गर्भाशयासोबत अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते. पोटावर चरबी साठते, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्यानंतरचे त्रास लवकर सुरू होऊ शकतात. मग यात तिच्या जिभेचा दोष कोणता? दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला "चालत जा" हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता खटल्यात अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश राज्यांना दिला. तो पाळला तर पुढच्या बाया वाचतील. ज्यांची पिशवी गेली, त्यांचे काय?

आरोग्याचा हक्क संविधानाच्या कलम 21 मध्येच आहे. अंडाशय काढले की ठेवले, याचा लेखी कागद प्रत्येकीला मिळावा. वजन, साखर, रक्तदाब आणि हाडांची तपासणी व उपचार मोफत व्हावेत. खर्चाचा वाटा साखर कारखान्यांनी उचलावा. ही भीक नव्हे, तिच्या घामाची थकबाकी आहे.