गुलाबी थरासाठी बाटली नको, ब्यूरेट हवी

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय तुमच्यापैकी काहींच्या घरी किंवा शाळेत असेल. नसेल तर एखाद्या दुकानात तरी तुम्ही ते पाहिले असेल. आपली नजर प्रथम माशांकडे जाते, मग डुलणाऱ्या समुद्रपुष्पांकडे. मागच्या दगडांवर जांभळट-गुलाबी रंगाचा, नखाने खरवडला तरी न निघणारा एक कडक थर असतो, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जाणता हौशी मात्र दुसऱ्याच्या मत्स्यालयाशी आला की आधी हा थर शोधतो. तो पसरत असेल तर पाणी चांगले आहे, एवढे त्याला न विचारता कळते.

हा थर म्हणजे एक वनस्पती आहे. तिला प्रवाळी किंवा कोरॅलाइन शैवल म्हणतात. ती लाल शैवलांच्या कुळातली. पण आपल्या पेशींच्या भिंतींत चुनखडी साठवते आणि म्हणून दगडासारखी कठीण होते. तिने भल्याभल्यांना फसवले आहे. लिनीअसने १७५८ साली हिच्या एका प्रकाराची गणना प्राण्यांसारख्या जीवांत केली होती. ही वनस्पतीच आहे, असे फिलिपी या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८३७ साली दाखवून दिले. त्याच्या एकच वर्ष आधी चार्ल्स डार्विन हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर उतरला होता. प्रवाळखडकाच्या अगदी बाहेरच्या कडेला, जेथे लाटा सर्वांत जोराने आपटतात, तेथे त्याला याच शैवलांचा जाड थर दिसला आणि लाटांचा मारा सोसून तो खडकाचे रक्षण करतो, हे त्याने नोंदवून ठेवले. प्रवाळांची पोहणारी पिल्लेही बसण्यासाठी पुष्कळदा असाच गुलाबी पृष्ठभाग निवडतात. घराच्या भिंतीत विटांइतकेच महत्त्व सिमेंटला असते, तसेच हे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा थर आपल्या मत्स्यालयात वाढावा म्हणून काय करावे? बाजारात याचे सोपे उत्तर मिळते: अमुक द्रावणाची बाटली घ्या, तमुक दिवा लावा. माझे मत असे, की यातले बहुतेक पैसे फुकट जातात. एवढेच नव्हे, तर बाटलीत काय आहे आणि पाण्यात काय कमी आहे हे दोन्ही ठाऊक नसताना ती ओतत राहणे म्हणजे रोग न तपासता औषध पाजणे होय. त्यात मासे मरतात, आणि का मेले हेही कळत नाही.

दिव्याचे आधी संपवू. १९८४ साली लिटलर दांपत्याला बहामा बेटांजवळ समुद्रात २६८ मीटर खोलीवर जिवंत प्रवाळी शैवल सापडले. पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा दोन लाखांवा भागही जेमतेम पोहोचतो, अशी ती जागा. शैवलातील लाल रंगद्रव्य खोल पाण्यातला निळा-हिरवा उजेड टिपून घेते, म्हणून हे जमते. ज्या वनस्पतीच्या नातलगांना एवढ्याशा उजेडात भागवता येते, तिच्यासाठी महागडा दिवा कशाला? उलट प्रखर उजेड आणि माशांना घातलेले जादा खाणे या दोहोंमुळे हिरवे तंतुमय शेवाळ माजते आणि गुलाबी थराला झाकून टाकते. जादा खाण्यातून पाण्यात फॉस्फेट वाढते, आणि फॉस्फेट चुनखडी बनण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे: खाणे कमी घाला.

खरी गोष्ट आहे ती पाण्याच्या रसायनाची. शाळेत तुम्ही चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली असेल. निवळी दुधाळ होते, कारण श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे चुनखडीचे बारीक कण तयार होतात. फुंकत राहिलात तर दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो. चुनखडीचे विरघळणारे बायकार्बोनेट झालेले असते. प्रवाळी शैवल हाच शेवटचा टप्पा उलटा फिरवते. पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन ते पुन्हा चुनखडी बनवते. दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतल्यामुळे त्याचे हे काम सोपे होते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. हे आकडे पाहून हौशी मंडळी कॅल्शियमच्या मागे लागतात. पण चुनखडी बनताना कॅल्शियमबरोबर पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, हीही खर्च होते, आणि तिचा साठा फार लहान असतो: लिटरमागे जेमतेम अडीच मिलिइक्विव्हॅलंट. समजा, १०० लिटरच्या मत्स्यालयात आठवड्याभरात ती २.५ वरून २.२ वर आली. गणित करून पाहा. सारी घट चुनखडीमुळे झाली असेल, तर दीड ग्रॅम चुनखडी तयार झाली आणि कॅल्शियम उतरले लिटरमागे फक्त ६ मिलिग्रॅम. ४२० मधले ६ हौशी माणसाच्या साध्या चाचणीत कळणारच नाहीत! अल्कतेतली घट मात्र सहज कळते. (माशांच्या मलमूत्रावर काम करणारे जीवाणूही थोडी अल्कता खातात, हे खरे, म्हणून दीड ग्रॅम ही वरची मर्यादा समजा.)

आणि ही घट मोजण्याची साधने तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतच मिळतील. मत्स्यालयाचे १०० मिलिलिटर पाणी शंकुपात्रात घ्या, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका आणि ब्यूरेटमधून ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. (०.१ नॉर्मल आम्ल पाचपट पातळ केले की झाले.) अल्कता २.५ असेल तर १२.५ मिलिलिटर आम्लाने पिवळा रंग पालटेल, २.२ असेल तर ११ मिलिलिटरनेच. दीड मिलिलिटरचा हा फरक साध्या ब्यूरेटवर कोणालाही वाचता येतो. शिक्षकांना माझी विनंती आहे, की अनुमापनाचा प्रयोग बाटलीतल्या सोड्यावर करून संपवण्यापेक्षा जिवंत पाण्यावर करावा. उत्तर आधी ठाऊक नसले की मुले रंगाकडे नीट पाहतात.

घट दिसली तर काय? लहान मत्स्यालयात दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलणे बहुधा पुरते. अर्थात कृत्रिम सागरी मिठाच्या पाण्याने, स्वयंपाकाच्या मिठाच्या नव्हे. तेवढ्याने भागत नसेल तर जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे तीच चुन्याची निवळी. वरची ०.३ ची घट भरून काढायला १०० लिटर पाण्याला प्रयोगशाळेतले कॅल्शियम हायड्रॉक्साइड १.१ ग्रॅम लागते, म्हणजे सुमारे पाऊण लिटर संपृक्त निवळी. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कता जशा खर्च होतात त्याच प्रमाणात परत मिळतात. मात्र निवळीचा सामू १२ च्या वर असतो. ती हाताला व डोळ्यांना अपायकारक आहे आणि एकदम ओतली तर माशांना मारील. तेव्हा मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी, सलाइनच्या नळीने थेंबथेंब, रात्रीच्या वेळी सोडायची. आणि अनुमापन केल्याशिवाय मुळीच नाही.

शैवलाचे बीज कोठून आणायचे? ते बीजाणूंनी पसरते, पण नव्या कोरड्या दगडावर आपोआप उगवत नाही. एखाद्याच्या जुन्या मत्स्यालयातला गुलाबी थर चढलेला शंख किंवा दगडाचा लहानसा तुकडा मागून आणा; तेवढा पुरे. कोकणात सहलीला गेल्यावर ओहोटीच्या खडकांतून दगड फोडून आणायचा मोह मात्र आवरा. त्या दगडावर काय काय बसलेले असते हे घरी आणून मरू दिल्यावरच आपल्याला वासाने कळते! शिवाय खडक बांधणारे सर्व प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा ‘मेलेलाच होता’ म्हणून उचलणे हाही गुन्हाच ठरतो. गुलाबी थर प्रवाळाशिवाय उत्तम वाढतो, ही मला या छंदातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

शंखवर्गातले लहान प्राणी हिरवे शेवाळ खाऊन मदत करतात. समुद्री अर्चिन मात्र गुलाबी थरही कुरतडतो. थर बसेपर्यंत त्याला आणू नका. बीज टाकल्यावर काही महिने काहीच दिसणार नाही. या काळात वहीत दर आठवड्याला तारीख, तापमान, पाण्याची घनता आणि ब्यूरेटचा आकडा लिहीत जा. पहिला ठिपका पुष्कळदा दगडावर दिसतच नाही. पंपाच्या किंवा हीटरच्या प्लास्टिकवर, मागच्या सावलीत, टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी डाग उमटतो. काच पुसताना तो घाण समजून खरवडू नका.