दुकानाच्या फळीकडे बघणारी मुलगी

पंक संगीताचा विषय निघाला की सत्तरच्या दशकातल्या सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश या बँडांच्याच गोष्टी रंगतात. मला मात्र त्या काळातला सर्वांत दूरचं पाहणारा अल्बम वाटतो तो लंडनच्या एक्स-रे स्पेक्स या बँडचा पहिलावहिला ‘जर्मफ्री अ‍ॅडोलसेंट्स’. तो आला नोव्हेंबर १९७८ मध्ये. गाणी लिहिणारी आणि गाणारी मुलगी तेव्हा २१ वर्षांची होती.

मॅरियन इलियट-सैद हे तिचं खरं नाव. वडील सोमाली, आई गोरी ब्रिटिश, बालपण ब्रिक्स्टनमध्ये. १९७६ साली, एकोणिसाव्या वाढदिवशी तिनं हेस्टिंग्जला सेक्स पिस्टल्सना ऐकलं आणि स्वतःचा बँड काढायचं ठरवलं. ‘मेलडी मेकर’मध्ये जाहिरात देऊन साथीदार मिळवले आणि नाव घेतलं पॉली स्टायरीन. दातांना तारा, अंगात भडक रंगांचे कपडे. गायिकेनं मादकच दिसलं पाहिजे, ही अट तिनं धुडकावून लावली.

बाकीचे बँड राणीवर, सरकारवर, बेकारीवर तुटून पडत होते. पॉलीनं नजर रोखली ती दुकानाच्या फळीवर. प्लास्टिकची पिशवी, वूलवर्थ्सच्या दुकानात राबणारा तरुण, जनुकांशी मांडलेला खेळ, स्वच्छतेच्या वेडानं पछाडलेली कोवळी मुलं हे तिचे विषय. गिटारच्या धडाक्यात सॅक्सोफोन घुसतो आणि त्या सगळ्याच्या वर तिचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा उठतो. मुखपृष्ठावर बँडचे पाचही जण परीक्षानळ्यांत कोंडलेले आहेत.

या चकचकीत जगाची तिला भुरळ पडली होती आणि धास्तीही वाटत होती. या दोन्ही भावना तिनं लपवल्या नाहीत, म्हणून ही गाणी उपदेशाच्या वाटेला जात नाहीत. ‘आयडेंटिटी’ या गाण्यात ती विचारते ते आरशातल्या आणि पडद्यावरच्या प्रतिमेबद्दल. तेव्हा पडदा टीव्हीचा होता. आता तो प्रत्येक मुलाच्या खिशात आहे.

बँड १९७९ मध्ये फुटला. पॉली पुढे कृष्णभक्तीकडे वळली आणि २०११ मध्ये, ५३ व्या वर्षी, कर्करोगानं गेली. त्याआधीच, नव्वदच्या दशकात, अमेरिकेतल्या ‘रायट गर्ल’ या स्त्रीवादी पंक चळवळीच्या बँडमधल्या मुलींनी तिचा वारसा अभिमानानं पुढे नेला होता.

घरात पंधरा-सोळा वर्षांचं कुणी असेल, तर हा अल्बम त्यांच्यासोबत बसून ऐका. आपण कसं दिसावं हे बाजारानं का ठरवायचं, हा प्रश्न मोठ्यांनी विचारला की मुलं कान बंद करतात. पॉली तो त्यांच्याच वयाच्या आवाजात विचारते.